जिभेखालची गोळी आणि ऑक्सिजनला नकार देणारं लोह

लेखन : शर्मिष्ठा_क
विभाग : विज्ञान आणि आरोग्य

सॉर्बिट्रेटची गोळी बहुतेक घरांनी पाहिलेली आहे. छातीत दाटून आलं की जिभेखाली ठेवायची, दोन-चार मिनिटांत बरं वाटतं. ती नेमकं काय करते असं विचारलं तर दहातले आठ जण सांगतात की हृदयाची तुंबलेली नळी उघडते. तसं होत नाही. आतला थर जागचा हलत नाही. गोळीमुळे मुख्यतः शिरा सैल होतात, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयावरचा भार उतरतो, त्याची ऑक्सिजनची मागणी घटते आणि कळ थांबते. हृदयाच्या धमन्याही थोड्या रुंदावतात, पण मोठं काम शिरांचं.

आता खरा प्रश्न. शिरेच्या स्नायूला 'सैल हो' हा निरोप कोण देतं आणि तो स्नायू वाचतो कशाने? निरोप आहे गोळीपासून शरीरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड, एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढाच रेणू. आणि तो वाचणारं प्रथिन हिमोग्लोबिनच्याच जातीचं आहे, म्हणजे त्याच्या पोटात हीम आहे. चार नायट्रोजननी धरलेला लोहाचा एक अणू, भोवती पॉर्फिरिनचं कडं. रक्त लाल दिसतं ते यामुळेच.

हे सगळं ज्यांच्या कामामुळे मला समजलं ते मायकेल मार्लेटा, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ. नोबेल विजेत्यांच्या यादीत ते नाहीत, त्यामुळे मराठीत त्यांच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

मार्लेटा हृदयरोगाकडे कर्करोगाच्या वाटेने आले. १९८०च्या सुमारास एमआयटीत स्टीव्हन टॅननबॉम यांचा गट अन्नातल्या नायट्रेटचा आणि कर्करोगाचा संबंध तपासत होता. हिशेब जुळेना. माणूस आणि उंदीर जेवढं नायट्रेट खातात त्याहून जास्त लघवीतून बाहेर टाकतात, आणि शरीरात जंतुसंसर्ग असला की हे प्रमाण आणखी चढतं. म्हणजे आपलं शरीर स्वतःच नायट्रेट तयार करतं. कोणत्या पेशी? १९८५ साली डेनिस स्ट्यूर आणि मार्लेटा यांनी दाखवलं की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा कच्चा माल आर्जिनिन हे अमिनो आम्ल आहे आणि वाटेत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो हेही उलगडलं. त्याच सुमारास, पूर्णपणे वेगळ्या दिशेने, रक्तवाहिन्यांवर काम करणारे लोकही त्याच रेणूपाशी येऊन पोहोचले होते. मला हा योग विलक्षण वाटतो. एक गट जंतूंना मारणाऱ्या पेशी पाहत होता, दुसरा सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या ताणून बघत होता, आणि दोघांच्या हाती लागला तोच विषारी, क्षणभंगुर वायू.

नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम शुद्ध केल्यावर त्यातही हीम निघालं. तेव्हा या गोष्टीत तीन हीम आहेत असं मी धरते. पहिलं हीम आर्जिनिन आणि ऑक्सिजन वापरून निरोप तयार करतं. दुसरं तो वाचतं. तिसरं, म्हणजे हिमोग्लोबिन, तो संपवतं : ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनला नायट्रिक ऑक्साइड भेटला की त्याचं निरुपद्रवी नायट्रेट होतं. निरोप सेकंदांत मिटतो ते यामुळे.

यातलं दुसरं हीम मला सगळ्यांत प्रिय आहे. त्या प्रथिनाचं नाव ग्वानिलेट सायक्लेज. दोन साखळ्या, आल्फा आणि बीटा. हीम बीटा साखळीवरच्या १०५ क्रमांकाच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला धरून बसलेलं. लोहाला एकूण सहा जागा : चार पॉर्फिरिनच्या, पाचवी हिस्टिडिनची, सहावी रिकामी. हिमोग्लोबिनमध्येही हुबेहूब हीच मांडणी आहे, आणि तिथे त्या सहाव्या जागेवर ऑक्सिजन बसतो. मग सायक्लेजमध्ये का बसत नाही? पेशीत ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडच्या हजारो पट असतो. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात एकच ओळखीचा माणूस शोधायचा आणि मधल्या कुणालाही चुकून हाक मारायची नाही, असं हे काम. ऑक्सिजन एकदा जरी त्या जागेवर घट्ट बसला तरी निरोप वाचणारं कुणी उरणार नाही.

१९९४ साली स्टोन आणि मार्लेटा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेल्या सायक्लेजचा वर्णपट, म्हणजे ते कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतं ते, मोजला. शुद्ध प्रथिनाचा मुख्य शोषणपट्टा ४३१ नॅनोमीटरला. हवेत ठेवलं तरी तो तसूभर सरकत नाही, म्हणजे ऑक्सिजन चिकटत नाही. नायट्रिक ऑक्साइड सोडला की पट्टा थेट ३९८च्या आसपास. या सरकण्याचा अर्थ असा की नायट्रिक ऑक्साइड बसताच लोहाचा पलीकडच्या हिस्टिडिनशी असलेला बंध तुटतो. तो तुटला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि एन्झाइम शेकडो पट वेगाने सायक्लिक जीएमपी, म्हणजे निरोप पेशीत पुढे नेणारा छोटा रेणू, बनवू लागतं. त्यामुळे स्नायूतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल पडतो. कार्बन मोनॉक्साइडही त्या जागेवर बसतो, पण हिस्टिडिनचा बंध तोडत नाही, म्हणून एन्झाइम जेमतेम काही पट जागं होतं.

ऑक्सिजनला नकार का, याचं उत्तर शोधायला मार्लेटांचा गट जिवाणूंकडे वळला. चीनच्या युन्नान प्रांतातल्या तेंगचोंगच्या गरम झऱ्यांतल्या एका जिवाणूत सायक्लेजच्या हीम-कप्प्याचा नातलग सापडला, आणि तो मात्र ऑक्सिजन धरतो. २००४ साली जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेबरोबर त्याची स्फटिक-रचना उकलली. कुरियन मूळचे भारतातले. रचनेत दिसलं की बसलेल्या ऑक्सिजनला १४० क्रमांकाचं टायरोसिन हे अमिनो आम्ल हायड्रोजन बंधाने धरून ठेवतं. सायक्लेजच्या कप्प्यात असा आधार देणारं कुणीच नाही. टायरोसिन काढलं की जिवाणूच्या प्रथिनाची ऑक्सिजनवरची पकड सुटते. उलट, सायक्लेजच्या हीम-तुकड्यात ते बसवलं तर तो तुकडा ऑक्सिजन धरू लागतो. नायट्रिक ऑक्साइडला असल्या आधाराची गरजच नसते, तो लोहाला स्वतःच घट्ट पकडतो.

आणि हे सगळं औषधापर्यंत गेलं. हृदय निकामी होत जातं तेव्हा रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी येतो. अशा वेळी सायक्लेजला दुसऱ्या जागेवरून चेतवणारी औषधं जर्मनीत बायर कंपनीने विकसित केली. रिओसिग्वाटला फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली, व्हेरिसिग्वाटला हृदय कमकुवत झालेल्यांसाठी २०२१ साली. व्हेरिसिग्वाटच्या मोठ्या चाचणीत ५,०५० रुग्ण होते. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात भरती, असं काही घडलेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३५.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३८.५ टक्के. फरक मोठा नाही. पण हे आधीच सगळी औषधं चालू असलेले, नुकतेच बिघडलेले रुग्ण होते हे ध्यानात घ्यायला हवं.

प्रश्न, शंका, विरोध, सगळ्याचं स्वागत.

माणदेशी

सुंदर लिहिलंय ताई. दोन शंका. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे देतात तो हसवणारा वायू का? आणि गिझरच्या गॅसने माणसं जातात ती कार्बन मोनॉक्साइडनेच ना, मग तिथे हे सायक्लेज काही करतं का?

शर्मिष्ठा_क

नाही, हसवणारा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, त्यात नायट्रोजनचे दोन अणू असतात. गुणधर्म अगदी निराळे.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचे मृत्यू कार्बन मोनॉक्साइडनेच होतात, पण तिथे मुख्य मार हिमोग्लोबिनवर बसतो. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. रक्त वाहतं, पण ऑक्सिजन पोहोचवत नाही. सायक्लेजचा त्यातला वाटा किरकोळ. न्हाणीघराला हवा खेळती हवी, गिझर बाहेरच्या बाजूला हवा, हे मात्र घरोघर सांगा.

स्टेथोस्कोप_नाशिक

हृदयरोगतज्ज्ञ म्हणून चार ओळी लिहितो, कारण हा धागा रुग्णांचे नातेवाईकही वाचतील.

सॉर्बिट्रेट घेताना खाली बसा. उभ्याने घेतली तर रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. पाच मिनिटांत कळ ओसरली नाही तर १०८ला फोन करा, गोळ्यांवर गोळ्या ठेवत बसू नका. लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तर पुढचे २४ तास आणि तसंच टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध, चालत नाही. शर्मिष्ठाताईंनी सांगितलेली साखळी पाहिली की कारण कळतं : नायट्रेट सायक्लिक जीएमपी वाढवतं आणि सिल्डेनाफिल तोच सायक्लिक जीएमपी मोडणारं एन्झाइम बंद करतं. दोन्ही एकत्र आले की रक्तदाब जीवघेणा घसरतो. पुरुष रुग्ण लाजेपोटी हे सांगत नाहीत. कृपया सांगा, आम्ही कुणालाही बोलत नाही.

आणखी एक. 'झटका आला की या गोळ्या द्या' असे निरोप फोनवर फिरत असतात. उजव्या कप्प्याचा झटका असेल तर नायट्रेटने रुग्ण हातचा जाऊ शकतो, आणि ते ईसीजीशिवाय कळत नाही. ज्याला डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली आहे त्यानेच घ्यावी.

अवधूत_पेण

डॉक्टर, माझ्या वडिलांना नायट्रेटची रोजची गोळी आहे. सुरुवातीला डोकं भयंकर दुखायचं, आता दुखत नाही. म्हणजे गोळी लागू पडणं बंद झालं का?

स्टेथोस्कोप_नाशिक

अवधूत, डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने होते आणि बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. ती थांबली म्हणजे औषध वाया गेलं असं नाही. पण शरीराला नायट्रेटची सवय लागते हे खरं आहे, म्हणूनच आम्ही दिवसातून साधारण १० ते १२ तास नायट्रेटविना ठेवतो, बहुतेकांना रात्री. वडिलांची गोळी सकाळी आहे का हे बघा. रात्री झोपेत कळ येत असेल तर पुढच्या भेटीत तसं आवर्जून सांगा, वेळा बदलता येतात.

ही सवय पहिल्यांदा दिसली ती डायनामाइटच्या कारखान्यांत. सोमवारी कामावर आलं की कामगारांचं डोकं ठणकायचं, मधल्या वारी शांत. आणि काही जणांना सुट्टीच्या दिवशी, डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन (हेही सॉर्बिट्रेटच्या जातीचंच औषध) मिळणं थांबल्यावर, छातीत कळ यायची.

शर्मिष्ठा_क

डॉक्टर, मनापासून आभार. सवयीमागचं एक कारण २००२ साली जोनाथन स्टॅमलर यांच्या गटाने मांडलं. नायट्रोग्लिसरीन स्वतः निरोप नव्हे, पेशीतलं एक एन्झाइम त्याला फोडून निरोप बाहेर काढतं, ते म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं, पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं, आल्डिहाइड डिहायड्रोजिनेज. नायट्रोग्लिसरीन फोडताना ते स्वतःच थकतं. दारू पचवायलाही हेच एन्झाइम लागतं. पूर्व आशियात बऱ्याच लोकांत त्याचं अशक्त रूप असतं, आणि त्यांच्यात नायट्रोग्लिसरीनचा गुण कमी येतो. सॉर्बिट्रेटमधलं आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट मात्र या एन्झाइमवर तितकं अवलंबून नाही.

पॉर्फिरिन

लेख चांगला आहे, पण तोल मार्लेटांकडे झुकलाय. नायट्रोग्लिसरीन नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्याने सायक्लेज चेततं हे फरीद मुराद यांनी १९७७ साली दाखवलं. या चेतण्याला हीम लागतं हे पॅट्रिशिया क्रेव्हन आणि फ्रेडरिक डीरुबर्टिस यांनी १९७८ साली. आणि लोह नसलेलं नुसतं पॉर्फिरिन घातलं तरी सायक्लेज चेततं, हा लुई इग्नारो यांच्या गटाचा शोध. 'बंध तुटल्याने चेततं' ही कल्पना तिथून आली. दुसरं, टायरोसिनची गोष्ट तुम्ही पुरी सांगितली नाहीत. तुकड्यात जमलं ते अख्ख्या सायक्लेजमध्ये इतरांना जमलं नाही. २००६ साली एमिल मार्टिन आणि सहकाऱ्यांनी तेच टायरोसिन पूर्ण प्रथिनात बसवलं आणि ऑक्सिजन बसला नाही. त्या शोधनिबंधावर खुद्द मुराद यांचंही नाव आहे.

शर्मिष्ठा_क

पॉर्फिरिन, असा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता. इग्नारोंचा पॉर्फिरिनचा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. पॉर्फिरिनमध्ये लोहच नाही, म्हणजे हिस्टिडिनशी बंध नाहीच, म्हणजे बंध तुटल्यानंतरची अवस्था आयती हातात. एन्झाइमला ती आणि नायट्रिक ऑक्साइड बसलेली अवस्था सारखीच भासते. वर्णपट वाचण्याआधी एवढं ओळखणं ही मोठी झेप होती.

टायरोसिनबद्दल माझं मत असं. जिवाणूच्या प्रथिनात त्याचं काम निर्विवाद आहे. सायक्लेजमध्ये नकाराचं कारण एकट्या टायरोसिनच्या अभावात नाही. लोह आणि हिस्टिडिन यांच्यातला बंधच तिथे कमकुवत आहे, त्यामुळे लोहाची ऑक्सिजनला धरण्याची ताकद मुळातच कमी. दोन्ही कारणं एकत्र धरली तर बहुतेक मोजमापं जुळतात. वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि मार्लेटांच्याच गटाने सायक्लेजवर हीमखेरीज नायट्रिक ऑक्साइडची आणखी एक जागा असल्याचं मांडून त्यात भर घातली आहे. २०१९ साली पूर्ण सायक्लेजची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली : मार्लेटांच्या गटाला पतंग या किड्याच्या सायक्लेजची, बीजिंगच्या गटाला माणसाच्या. बंद असताना मधला जोड वाकलेला, चेतल्यावर ताठ.

नोबेलचं म्हणाल तर १९९८चं पारितोषिक रक्तवाहिन्यांवर काम करणारे रॉबर्ट फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं ते योग्यच. १९८७ साली रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड प्रत्यक्ष मोजणारे साल्व्हाडोर मोनकाडा मात्र राहिले, आणि ते मला आजही खटकतं. तीनपेक्षा जास्त जणांना देता येत नाही हा नियम इथे फार महाग पडला.

विदुला_सांगली

आमच्या योगवर्गात बीटाचा रस प्या, नायट्रिक ऑक्साइड वाढतो असं सांगतात. यात तथ्य आहे का?

शर्मिष्ठा_क

आहे, विदुलाताई. बीट, पालक, मेथी यांत नायट्रेट भरपूर. ते रक्तात जातं, तिथून लाळेत उतरतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि ते गिळल्यावर शरीरात त्यातला काही भाग नायट्रिक ऑक्साइड होतो. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिनही नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनवू शकतं, म्हणजे संपवणारं हीमच वेळप्रसंगी तयार करतं. लंडनमधल्या २००८च्या एका छोट्या अभ्यासात अर्धा लिटर बीटाच्या रसाने निरोगी माणसांचा वरचा रक्तदाब काही तासांसाठी १०च्या आसपास उतरला. जंतुनाशक गुळण्यांनी जिभेवरचे जिवाणू मेले की हा गुण कमी येतो. रक्तदाबाची गोळी मात्र रसाच्या भरवशावर सोडायची नाही. मुतखडा असेल तर बीट आणि पालक जपून, दोन्हींत ऑक्झलेट जास्त असतं.

माणदेशी

शेवटची शंका. हिमोग्लोबिन हा वायू संपवतं म्हणता. मग कृत्रिम रक्त म्हणून मोकळं हिमोग्लोबिन टोचायचे प्रयोग झाले होते, त्यांचं काय झालं?

शर्मिष्ठा_क

अगदी नेमकं विचारलंत. तांबड्या पेशीच्या आत कोंडलेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला हळू भेटतं. मोकळं सोडलं की ते अस्तराला भिडून निरोप जागच्या जागी खाऊन टाकतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. २००८ साली अशा उत्पादनांच्या १६ चाचण्यांचा, ३,७११ रुग्णांचा एकत्र आढावा निघाला. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराच्या झटक्याचा जवळपास २.७ पट. त्यानंतर बहुतेक प्रयत्न थांबले.

इथे तेंगचोंगचा जिवाणू पुन्हा उपयोगी पडला. मार्लेटांच्या कामावर उभ्या राहिलेल्या ऑम्निऑक्स या कंपनीने त्याच्या हीम-प्रथिनात फेरफार करून असा वाहक बनवला जो भरपूर ऑक्सिजन असेल तिथे तो सोडत नाही, फक्त टंचाई असलेल्या ऊतीत सोडतो, आणि नायट्रिक ऑक्साइडला हिमोग्लोबिनइतक्या वेगाने खात नाही. २०१८ साली ऑक्सिजन कमी केलेल्या कोकरांवर तो तपासला. ज्यांना तो दिला त्यांच्या हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन जास्त मिळाला, आकुंचनाची ताकद टिकली, आणि मोकळ्या हिमोग्लोबिनने चढतो तसा रक्तदाब चढला नाही. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांच्या शस्त्रक्रियेत हे कामी यावं असा त्या गटाचा रोख होता.